पहिला फेस

— न्हाय न्हाय, त्या ब्रशाला हात लावू नका शिवराजशेठ, लाख ओली हाय अजून, बोटाचा ठसा उठंल. बसा की. खुर्ची आमच्या वडलांची, आण्णांचीच हाय — सलून बंद केलं, आता जुने ब्रश नीट करून इकतो, पण खुर्ची न्हाय मोडीत घातली म्या. तुमच्या वडलांची पहिली दाढी ह्याच खुर्चीत झालीय, ठावं हाय न्हवं? कुंडलिकमामा गिरणीतनं सुटले की थेट हितं. आणि माझ्या ह्या खुंटांकडं बगून हसू नका बरं का. गेल्या मंगळवारी चुलता वारला, उद्या दहावा, तवर गालाला काय लावायचं न्हाय. दुकान तेवढं उघडं ठेवलंय, पोटाला कुटलं आलंय सुतक? — बरं, ते ऱ्हाऊ द्या. ब्रश आवडला का मामांना? तुमी गेल्या बुधवारी आलता, म्हणाला शुक्रवारी वडलांची पंचाहत्तरी हाय, त्यांच्या तरुणपणची आठवण यावी असा एखादा ब्रश द्या — तवा कपाटातला राजा काढून दिला म्या. … डोळ्यात पाणी आलं? बगा! आणि आता तुमाला सवतःला दुसरा पायजे व्हय. घ्या की. कपाटभर हायत. बायको म्हणती, लोक देव पुजत्यात, आमचं येडं दाढीचे ब्रश पुजतंय. म्हणू दे.

हा बगा, हा डुकराच्या केसाचा. राठ हाय, पण चार-सहा महिन्यात वळणावर येतो. हा घोड्याच्या केसाचा, लई मऊ. पण ह्याच्या दांडीवर नाव हाय का? शिक्का? काय न्हाय, नुसतं लाकूड. का? तर उकळला. घोड्याचा केस आला की तीन दिवस, रोज घंटाभर, सोड्याच्या पाण्यात खळाखळा उकळायचा. रंग जातो, अक्षरं जात्यात, कवा कवा दांडीच तडकती — गेली तर गेली. आण्णांचा दंडक. "भिम्या, घोड्याच्या केसावर भरवसा ठेवू नगंस." का म्हणून विचारा की. माझा आजा! त्यालाबी वस्तऱ्याचाच धंदा. कुणा साहेबानं जाता जाता त्याला विलायती ब्रश बक्षीस दिला. ह्यो खूश. हौसेनं आपलीच दाढी केली. चौथ्या दिवशी गालावर पुळी. आधी खाजली, मग मधी काळी पडली — पण दुखंना. काळपुळी! जनावराचा रोग तो, केसात लपून आलता. दुखत न्हाय म्हणून घरात कुणी मनावर घेतलं न्हाय. आठव्या दिवशी तोंड सुजलं, डोळा मिटला, नवव्या दिवशी उचलला त्याला. आण्णा सांगायचे, तो रोग कोरड्या केसात वर्सानुवर्सं गप बसून ऱ्हातो. पाण्याची आणि गालाची वाट बगत.

आणि दुसरा दंडक माझा सवतःचा — पहिला फेस माझ्या गालावर! ब्रश कितीबी भारी असू दे, गिऱ्हाईकाच्या हातात द्यायच्या आधी म्या त्येनं माझी दाढी करतो. दगाफटका असला तर आधी मला हू दे की. म्हणून तर लोक डोळं झाकून ब्रश नेत्यात. — आणि मामांना का न्हाय आणलं आज? … काय बंद केलीय? दाढी? एवढा आवडता ब्रश आणि दाढी बंद? … पुळी आलीय?

कवापास्नं? … सोमवारपास्नं. असंल की. घामोळं असंल, ऊन काय कमी हाय का सोलापुरात. वय झालं की कातडं नाजूक हुतंय. — दुखत असंल लई? … न्हाय? … अजिबात न्हाय? … बरं हाय की मग. दुखत न्हाय म्हणजे बरंच हाय. — चहा सांगू का? शिवराजशेठ, मधी रंग कसला हाय त्येच्या? न्हाय, आपलं सहज. फोटो हाय? दाखवा. चष्मा कुटं ठेवला म्या… डोक्यावरच हाय व्हय. मोठा करा जरा.

…

न्हाय न्हाय, तसं काय न्हाय. तुमी भलतंच मनात आणू नका. तो ब्रश उकळला होता म्या. तीन दिवस. आण्णांची शपथ. … कसली अक्षरं? … व्हय. मुकुट, आणि त्येच्याखाली सोनेरी अक्षरं. हायत म्हणता अजून? मामा बोट फिरवत बसत्यात त्यावरनं…

उभं ऱ्हाऊ नका. बसा. ऐका. बुधवारी दुपारी तुमी आलता, गुरुवारी सांजच्याला नेला, शुक्रवारी वाढदिवस. तीन दिवस कुटनं आणू म्या? आणि ती अक्षरं, शिवराजशेठ! चाळीस वर्सात तसला शिक्का बगितला न्हाय म्या. उकळला असता तर निव्वळ लाकूड दिलं असतं तुमच्या हातात. जीव हुईना माझा. साबणानं धुतला, उन्हात ठेवला. म्हणलं, आज्याच्या टायमाची गोष्ट, आता कुटं ऱ्हायलाय तो रोग. चुकलं माझं. चुकलं.

पण मला तर काय झालं न्हाय! पहिला फेस म्या लावला होता की. मला झालं असतं आधी, मामांच्या आधी. म्हणजे ती काळपुळी नसंलच बगा. नसंलच. — पण थांबू नका तुमी. चहा ऱ्हाऊ द्या. फोन लावा, मामांना आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या. आता औषध हाय त्येच्यावर, आज्याला न्हवतं. डॉक्टर घामोळं म्हणाले तर ऐकू नका, म्हणा ब्रश जुना होता, घोड्याचा, उकळला न्हवता. काळपुळी म्हणा, हाच शब्द. पुळी फोडू नका. ब्रशला घरात कुणी हात लावू नका. माझं नाव… नाव सांगायची काय गरज हाय? ब्रश म्हणा नुसतं.

जावा की. … आता काय ऱ्हायलं? … लावला होता म्हणतोय न्हवं, तुमी नेला त्याच दिवशी, सकाळी. पहिला फेस. ह्याच गालावर. … असं काय बगताय माझ्याकडं?

दाढीकडं काय बगताय?

… व्हय. चुलता गेला त्या मंगळवारपास्नंच.

जावा. जावा तुमी.