पंखावरची ठिगळं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आपल्या विमान क्लबचे आजी-माजी पदाधिकारी, वर्कशॉपमधले माझे सोबती, बाहेर हिरवळीवर कॅमेरे लावून ताटकळलेले छायाचित्रकार बंधू, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते क्लबचे मावळते अध्यक्ष, म्हणजे माझे धाकटे दीर, भाऊजी, आपणा सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालकांनी 'घरचं माणूस' अशी माझी ओळख करून दिली आणि चार गोड शब्द बोला म्हणाले. बोलते. पण मी पडले दातांची डॉक्टर, गोडाबद्दल माझं मत मुळातच बरं नाही. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला. तिथे काय काय पाहिलं ते जेवणाआधी सांगत नाही. सांगायचं एवढंच, की मला सहसा कशाची किळस येत नाही. या क्लबात मात्र आली, आणि ती अजून गेलेली नाही.

खिडकीतून ते विमान दिसतंय ना सगळ्यांना? एकावर एक दोन पंख, मध्ये तारा, पुढे लाकडी पंखा. मघापासून तीन वक्त्यांनी त्याला 'युद्धवीर' म्हटलं. मान्यवरांचा मान राखून सांगते, त्या विमानानं युद्ध पाहिलेलं नाही. ती युद्धातल्या विमानाची नक्कल आहे. लढाई संपून लोक ती विसरलेसुद्धा, तेव्हा कुणी हौशी मंडळींनी एका सिनेमासाठी जुन्या आराखड्यांवरून ते बांधलं. सिनेमा पडला. मग ते एका करमणुकीच्या बागेत उभं राहिलं आणि मुलं त्याच्या पंखावर बसून आइस्क्रीम खाऊ लागली. यात कमीपणा कसला? नक्कल असली तरी फार नेकीनं केलेली नक्कल आहे.

आमच्याकडे आलं तेव्हा पंखांत उंदरांचा भरला संसार होता. कापड फाडलं तर वाळलेल्या मुताचा असा भपकारा आला, की सुतारमामा बाहेर जाऊन उभे राहिले. सीटखाली चघळून चिकटवलेले च्युइंगगम, शेपटीत मेलेलं कबूतर. माझ्या केसांना आठवडाभर तो वास होता, पेशंट तोंड उघडायच्या आधी नाक मुरडायचे. पण खरं सांगते, त्या घाणीची मला शिसारी आली नाही. उंदीर उंदरासारखे राहिले होते, त्यांनी काही सोंग आणलं नव्हतं.

विमान शोधलं भाऊजींनी, परवानग्यांसाठी जोडे झिजवले भाऊजींनी. ते श्रेय मी नाकारत नाही, आजच्या दिवशी तर मुळीच नाही. सुतारमामांनी कुजलेल्या फासळ्या बदलल्या, इंजिनवाल्या काकांनी इंजिन पार सुटं करून पुन्हा जोडलं. फासळ्यांवर कापड वाकड्या सुईनं शिवतात. हिरड्या शिवणाऱ्या बाईला ते जमायचंच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यावर डोप लावायचं, म्हणजे कापड ढोलकीसारखं ताणून धरणारं ते उग्र रसायन. रविवारमागून रविवार त्यात गेले. घरी मुलं म्हणायची, आई, तुझ्या हातचं सगळं आता डोपसारखंच लागतं.

आणि उडवायचं कुणी? आमच्या ह्यांनी. दुसऱ्या रांगेत कातडी जाकीट घालून बसलेत ते. आयुष्यभर लोकांची विमानं उडवली, निवृत्तीनंतर भावाचं उडवतायत.

आमच्या वर्कशॉपात एक रीत आहे, कुठे लिहून ठेवलेली नाही. विमानाला ज्याचा हात शेवटचा लागला, त्यानं पुढच्या उड्डाणात वैमानिकापुढच्या सीटवर बसायचं. सुतारमामा डोळे मिटून बसले. काका गाणं म्हणत बसले. मी बसले, आणि खाली उतरल्यावर ओकले, पण बसले. कुणाला त्याचं कौतुक नको असतं. आपण केलेल्या कामावर आपलं वजन टाकायचं, एवढंच.

तर विमान उडू लागलं. आणि काय सांगू, ते जसजसं बरं होत गेलं, तसतसे भाऊजी नाराज होत गेले. "वहिनी, फारच नवंकोरं दिसतंय हो. पाहुण्यांना काही वाटत नाही." मग एका जेवणात त्यांनी सहज सोडून दिलं, की म्हणे हे विमान शत्रूच्या गोळ्या झेलून परत आलं होतं. लोक हसतील असं मला वाटलं. लोकांनी घास हातात धरून ऐकलं. पुढच्या जेवणात त्या गोष्टीत एक जखमी वैमानिक आला. त्याच्या पुढच्यात त्याची वाट पाहणारी म्हातारी आई. महिन्याभरात ती गोष्ट कोरलेली पितळी पाटी विमानापाशी लागली. मी विचारलं, "भाऊजी, हे काय?" म्हणाले, "वहिनी, लोकांना आवडतं. कुणाचं काय बिघडतंय?"

मग आला वार्षिक प्रदर्शनाचा दिवस. सकाळी बघते तर डाव्या खालच्या पंखावर तीन गोल ठिगळं, गोळीची भोकं बुजवल्यासारखी. छान रंगवलेली. भाऊजी म्हणाले, नुसती चिकटवलीयत. मी विश्वास ठेवला. हे एकटेच चढले. पुढची सीट रिकामी होती, भाऊजी म्हणाले, माझी पाठ धरलीय.

हे वर गेले आणि पहिल्याच वळणाला डाव्या पंखाच्या तारा थरथरायला लागल्या. जमिनीवरून आम्हाला कळलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं, की विमान दुसरी फेरी न मारता फार सावकाश, अंग चोरल्यासारखं खाली येतंय. हे उतरले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. मी चाकाजवळ गुडघ्यावर बसले आणि ठिगळ ओरबाडून काढलं. ती नुसती चिकटवलेली नव्हती. भाऊजींनी ड्रिल घेऊन खरीच भोकं पाडली होती, खोटी उठून दिसत नव्हती म्हणून. दोन भोकं नुसत्या कापडातून गेली. तिसरं पंखाच्या मुख्य लाकडी कण्यात शिरलं होतं. लाकडाचा भुसा आलेला त्यांना दिसला असणार, कारण त्या भोकात रंगारी फटी भरायला वापरतात ती लांबी कोंबली होती. वर ठिगळ, ठिगळावर रंग.

पोकळी बुजवणं हा माझा धंदा आहे. आत कीड ठेवून वरून बुजवणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते या माईकवर म्हणता येणार नाही.

आणि भाऊजी काय म्हणाले? आपल्याला वाटेल, माफी मागितली असेल. ते पाहुण्यांना घेऊन आले, भोकाकडे बोट दाखवलं, आणि नंतर माझ्या कानाशी लागले, "वहिनी, हे आता बुजवू नका बरं का. आता ते खरंच जखमी झालंय."

तेव्हा मला किळस आली. सख्खा भाऊ चार पावलांवर पांढराफटक होऊन उभा, आणि भाऊजींना भोक आवडलं होतं!

घरी आल्यावर मी ह्यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "धाकटा आहे गं. हौस आहे त्याला. मुद्दाम का करेल?" कणा सुतारमामांनी नवा घातला, कापड मी नव्यानं शिवलं, तपासनीस येऊन पास करून गेले, आणि रीतीप्रमाणे मामा आणि मी पाळीपाळीनं बसलो. विमान उत्तम उडालं. पाटी मात्र जिथल्या तिथे राहिली. टाळ्याही.

अध्यक्ष महोदया, आपण घड्याळाकडे पाहिलंत, मी आवरतं घेते.

आज सकाळी विमान पुसायला गेले. उड्डाणाआधी पंखाखालून हात फिरवायची मला सवय आहे. उजव्या पंखावर नवी ठिगळं आहेत. तीन. कालपर्यंत नव्हती. नाही, अहो, तुम्ही बसा. तुम्हाला मी मुद्दामच सांगितलं नाही. घरात सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा म्हणाला असता, धाकटा आहे. म्हणून चारचौघांत सांगतेय.

दोन ठिगळं मी उचकटून पाहिली. खाली काही नाही. तिसरं तसंच ठेवलंय. भाऊजी, तिसऱ्याखाली काय आहे?

नुसतं चिकटवलंय म्हणता? छान. मला तुमचा शब्द पुरे. मग शेवटचा हात तुमचा, म्हणजे पुढची सीट तुमची. दहा मिनिटांत तुमच्या सन्मानार्थ उड्डाण आहे, तुमचे सख्खे भाऊ उडवणार आहेत, याहून मोठा निरोप कुठला? उठा. हेल्मेट सीटवर ठेवलंय. मंडळी, टाळ्या वाजवा की, एरवी वाजवता.

भाऊजी?

पाठ धरलीय का?

बरं. आमचे हे भावाकडे बघतायत, त्यांना नीट बघू द्या. इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

हे जाकीट काढतायत. ठेवा तिथे खुर्चीवर.

आपण एवढा वेळ माझं कडू बोलणं ऐकून घेतलंत, आपली आभारी आहे. संयोजकांची आभारी आहे, त्यांनी फार विश्वासानं माझ्या हाती माईक दिला. मोठ्या लोकांपुढे बोलताना शब्द कमी-जास्त झाला असेल, तर पोटात घाला. हिरवळीवरच्या कॅमेरेवाल्यांना कुणीतरी चहाला आत बोलवा, आज उड्डाण नाही. ते होणारही नव्हतं. टाकीतलं पेट्रोल मी सकाळीच काढून घेतलंय. भाऊजींनी फक्त खुर्चीतून उठायचं होतं.

नमस्कार.