वीणा ऐकवायचा फोन

हरिणी : द्या तो फोन, अप्पा. आज जुना दिला तरच नव्या मॉडेलवर सूट आहे, आणि दुकान आठला बंद होतं.

वेंकटराव : माझ्या षष्ट्यब्दीला तू दिलास तोच नवा आहे गे. आणखी नवा कशाला?

हरिणी : तो तुम्ही अम्माला देऊन टाकलात. ती त्यावर सीरियल बघते, आणि तुम्ही हा तडा गेलेला घेऊन बसलात. आवडला नाही म्हणून सरळ सांगायचं होतं.

जयलक्ष्मी : आवडला नाही म्हणून नाही गे. चार महिने या घरात काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. काप्पी घे आधी. तुम्हीच सांगा की हो आता.

वेंकटराव : सरी, सांगतो. चेन्नईच्या सरोजा टीचर ठाऊक आहेत ना? त्यांच्या शिष्यांच्या वीणा वीस वर्षं माझ्याकडेच मेणात पडदे बसवायला येतात. काम झालं की मी त्यांना फोन लावतो, वीणेजवळ ठेवतो आणि तार छेडतो. त्या सरी, ठीक आहे म्हणाल्या, की मग पार्सल. तू दिलेल्या फोनवरून पहिली वीणा ऐकवली, तर म्हणाल्या, वेंकटराव, स्वर उठतो आणि लगेच मरतो. मी सगळं मेण खरवडलं, चोवीस पडदे पुन्हा बसवले. परत तेच.

जयलक्ष्मी : दोनदा खरवडलं. जेवायला बसले तरी बोटं ताटाच्या काठावर पडदे मोजायची.

हरिणी : पण इथे बसून तुम्हाला नीट ऐकू येत होतं ना?

वेंकटराव : येत होतं, म्हणून तर भ्यालो. टीचरांचा कान चुकत नाही. म्हणजे माझाच गेला. चाळीस वर्षं या कानावर जेवलो गे मी. विजयादशमीनंतर काम बंद म्हणून कारखान्याच्या मालकांना सांगूनही आलो.

हरिणी : आणि मला रोज म्हणत होतात, सगळं बरं आहे.

जयलक्ष्मी : मग एक दिवस नव्याचं चार्जिंग संपलं. कपाटातून हा काढला, कार्ड यात घातलं. टीचरांना म्हणणार होते, आता दुसरा माणूस बघा. तेवढ्यात मीच म्हटलं, शेवटचं एकदा ऐकवा तरी. वीणा तीच, पडदे तेच.

वेंकटराव : टीचरांनी तार पुन्हा एकदा छेडायला सांगितली. मग म्हणाल्या, ही आधी का नाही ऐकवलीत? उद्याच पाठवा.

हरिणी : अय्यो. अप्पा, नवे फोन माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात. बाकी सगळं गोंगाट म्हणून कापून टाकतात.

वेंकटराव : म्हणजे माझी वीणा त्याला मिक्सी वाटली.

हरिणी : हसू नका. मी हौसेनं दिला, आणि तुम्ही इथे चार महिने झुरत होतात.

वेंकटराव : हौसेनं दिलास म्हणूनच त्याच्यावर संशय आला नाही. स्वतःवर आला.

हरिणी : मला एकदा ऐकू द्या. मी कोपऱ्यावर जाते. दोन्हींवरून लावा.

(हरिणी कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत चालत जाते. तिचा फोन वाजतो.)

वेंकटराव : हा अम्माकडचा. ऐक.

हरिणी : टण्ण झालं आणि गेलं. खरंच मरतो, अप्पा.

वेंकटराव : ठेव. आता माझ्यावरून लावतो.

हरिणी : हं, लागला. छेडा.

जयलक्ष्मी : ऐकतेस ना गे? आठ वाजत आले, तुझं दुकान बंद होईल.

हरिणी : बोलू नको अम्मा. अजून आहे तो स्वर.