वाढत्या स्फटिकाला तीट

कॉलेजचा मायक्रोस्कोप मी एकदा बुलढाण्याहून एसटीत मांडीवर धरून सुलतानपूरला घरी नेला होता, हे आता सांगायला हरकत नाही. लोणारच्या खाऱ्या पाण्याच्या थेंबात क्षाराचा स्फटिक कसा वाढतो, ते मला बघायचं होतं. पण शेजारीच मायचं जातं चालू, त्यामुळे स्फटिक नुसता थरथरायचा. मी वैतागून म्हटलं, "माय, थांब न घडीभर."

ती थांबली आणि जवळ आली. "मले बी दाखव."

एक डोळा मिटून तिनं बराच वेळ पाहिलं. "हे तं वाढून राह्यलं बाप्पा."

"हाव."

"मंग टक लावून काऊन पाह्यून राह्यला? वाढत्या जिवाले नजर लागते."

मी अडवायच्या आत तिनं कंदिलाची काजळी बोटावर घेतली आणि काचपट्टीच्या कोपऱ्यात तीट लावली. मी चिडलो. पण पट्टी सरकली, की त्या काळ्या ठिपक्यावरूनच स्फटिक परत सापडायचा.

आता माय नाही. प्रत्येक पट्टीवर आधी ठिपका मीच देतो. विद्यार्थी विचारतात, "सर, हा कशाला?" मी सांगतो, जागा सापडावी म्हणून.

पण तेव्हापासून माझा एकही स्फटिक बिघडलेला नाही.