आईसाठीचा फॉर्म

बाळाला लस टोचायला आणलं, की अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या एका दवाखान्यात आईच्या हातात तिच्या मनाची चौकशी करणारा फॉर्म देतात. कोरीनने आपला खरं खरं लिहून भरला होता. मागच्या खुर्च्यांवर दोघी बोलत होत्या.

"हे बघ, शेल्बी. ‘गेल्या सात दिवसांत हसलात का?’"

"‘नेहमीसारखी’वर खूण कर आणि मोकळी हो."

"अगं, पण मी रोज रडतेय."

"मीही थोरल्याच्या वेळी खरं लिहिलं होतं."

"मग?"

"एक कागद दिला. रोज वीस मिनिटं स्वतःसाठी काढा, म्हणे."

"आणि बाळाला कोण धरणार?"

"तेच विचारलं. नर्सने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घड्याळाकडे."

"दे तो पेन."

कोरीन उठून काउंटरपाशी गेली.

"दुसरा कोरा फॉर्म मिळेल? माझा चुकलाय."