महादूची घंटा

पवनानगरहून लोणावळ्याला निघालेल्या जीपमध्ये गेनभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. बायको गेल्यापासून त्यांना कुणाचं बोलणंच नकोसं झालं होतं. पण समोरच्या म्हातारीचा आवाज चढला होता. सून तिला समजावत होती.

"आत्याबाई, फादर तरी काय करतील? बंगलेवाल्यांनी तक्रार केली, म्हणून घंटा बंद."

"वर्साकाठी एक दिवस! माझा महादू कारगिलच्या लढाईत गेला, तवापासनं त्याच्या दिवशी चर्चची घंटा वाजती. तितल्या शाळंत असताना तोच वाजवायचा की ती."

"त्यांची झोप मोडती म्हनं."

"आन् शनवारी रातभर डीजे लावत्यात, तवा? आपल्या म्हशी दावं तोडत्यात, ती कुणाची झोप?"

"हळू बोला, लोक ऐकत्यात."

"ऐकू दे! फादर म्हनतो, फोटोपुढं मोबाइलवर घंटा लावतो. माझं पोरगं काय मोबाइलवर लढलं व्हय?"

"मग आता काय करनार?"

"आज मीच वढनार दोर. बघते कोन आडवतंय."

"तुमचा हात तरी वर जातो का?"

"न्हाई गेला तर लोंबकळंन!"

चर्चपाशी जीप थांबली. सासू-सुना उतरल्या. मागोमाग गेनभाऊही उतरले.

"ओ आबा, तुमाला बाजारात जायचं हाय ना?" ड्रायव्हर ओरडला.

"जाईन मागनं," गेनभाऊ म्हणाले आणि म्हातारीकडे वळले. "चला बाई. दोर जड असंल."