शेजाऱ्याचं घर चोरीला गेल्याबाबत

नाव: व्हर्लिन स्टुट्झ. वय: ७१. धंदा: हीटर दुरुस्ती, आता निवृत्त. राहणार: हिकरी स्ट्रीट, डेटन, ओहायो.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी डोरीनसह राहतो. घर माझ्या नावावर आहे. पण बँकेचं कर्ज वजा केलं तर माझ्या वाट्याला फार तर पुढचा दरवाजा नि पायरी येते. येत्या महिन्यापासून व्याज चढून हप्ता पेन्शनच्या वर जातो, मग घर राहत नाही. म्हणून जुनं कर्ज फेडून स्वस्त व्याजाचं नवं मागायला गेलो. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचा वाटा तुटपुंजा आहे. घराची किंमत जास्त ठरली तरच जमेल, आणि ती आजूबाजूच्या घरांवरून ठरते."

शेजारी ऑर्व्हल प्रुइट, म्हणजे फिर्यादी. त्याच्या घराचे पोपडे सुटलेले, अंगणात फुटकी बोट. तो मासे धरायला सरोवरावर गेला असता मी त्याचं घर पिवळं रंगवलं, बोट मागे ओढली, पुढे झेंडू लावले.

किंमत ठरवणारा माणूस आला. मी कौतुकाने पिवळं घर दाखवलं. तो म्हणाला, "छान. कितीला विकलं गेलं?"

"विकलं कुठे? ऑर्व्हल राहतो."

"आजोबा, आम्ही विकली गेलेली घरं धरतो. रंगवलेली नाही."

हात दाखवून अवलक्षण झालं. माझ्या घराला लावायला रंगही उरला नव्हता.

संध्याकाळी ऑर्व्हल परतला. आपल्याच घरावरून गाडी पुढे नेली, वळवून आणली, पुन्हा पुढे नेली, आणि कोपऱ्यावरून पोलिसांना कळवलं की घर चोरीला गेलं. शिपाई आला तेव्हा माझे हात पिवळे होते, हे खरं आहे.

ठाण्याच्या बाकावर ऑर्व्हल म्हणाला, "लेका, विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर निळा मागितला असतास."

"मागितलाच असता." मग म्हणाला, "आता भाव चांगला येईल. विकतो नि मुलीकडे जातो. तुझ्याही घराची किंमत चढेल."

त्याची मुलगी त्याचा फोन उचलत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी म्हटलं, "विकू नकोस."

मला न्यायला ठाण्यावर आलेल्या डोरीनने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, "ऑर्व्हल, जेवायला येतोस ना?"

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच उतरला आहे. "विकू नकोस" हे प्रकरणात कामाचं नाही, गाळू का, असं साहेबांनी विचारलं. गाळू नये.

सही: व्ह. स्टुट्झ