सरांचं पूर्ण वाक्य

नाही, देशकर सर, तुमचं तेव्हाही चुकलं होतं आणि आजही चुकतंय. अध्यक्ष होऊन समोर बसलात म्हणून मी ऐकून घेणार नाही!

मंडळी, माफ करा. वानखेडे सर जाऊन आठ दिवस झाले, तुम्ही सगळे रामदासपेठेत शोकसभेला जमलात, आणि मी मस्कतहून फोनवर भांडतोय. भांडलो नाही तर रडेन. मग बोलणार कोण?

मी नववी नापास. सरांच्या घरी कूलरची खस बदलायला गेलो होतो. कूलर काही थंडावा देईना. मी म्हटलं, पंप गेला. पंप बदलला. तरी तेच! मग पाहतो तर खोलीच्या खिडक्या बंद. दमट हवेला बाहेर जायला वाटच नाही. मी कान पकडले, ‘सर, माहंच चुकलं.’

सरांनी टाळी वाजवली. ‘वा गा! “चुकलो” म्हणून राहिला ना तू, हेच तं विज्ञान!’

पुढे हा किस्सा त्यांनी विज्ञानावरच्या आपल्या पुस्तकात घातला. माझ्या नावासकट! खाली लिहिलं, ‘विज्ञान रोज चुकतं, आणि चूक मान्य करतं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावा.’ देशकर सर, तुम्ही पेपरात त्यातलं किती छापलं? ‘विज्ञान रोज चुकतं.’ बस! आजच्या भाषणातही तेवढंच बोललात. पुस्तक कोणी वाचलं नाही, तुमचा लेख सगळ्यांनी वाचला. सर झाले विज्ञानाचे वैरी. नाहीतर कूलरवाले तत्त्वज्ञ.

मी विचारलं, ‘सर, तुमाले राग काहून नाही येत?’

‘माहं पुस्तक या गल्लीबाहेर गेलं नसतं गा. देशकरनं मले काटोलपर्यंत पोचवलं!’

आणि तुम्हाला संत्र्यांची पेटी धाडली. दर टीकेला एक पेटी. किती खाल्ल्या, सर? हसताय ना? हसा, हसा. त्यांना आवडलं असतं.

पण एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नाही. तुम्ही लिहिलं होतं, चूक आपोआप मान्य होत नाही, कोणीतरी भांडून ती दाखवावी लागते. हे सरांना पटलं. त्यांनी आख्खं प्रकरण नव्यानं लिहिलं. सरांच्या मागे आता घरी एकट्या असलेल्या वानखेडे काकूंनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. तुमचं नाव त्यात सात वेळा आहे, आणि एकदाही वाईट नाही. ते कागद कपाटात पडून आहेत. छापले नाहीत, तर सर कायमचे अर्ध्या वाक्याचे राहतील. चालेल तुम्हाला?

प्रस्तावना तुम्हीच लिहा. भांडूनच लिहा. फक्त वाक्य पूर्ण छापा.

आता सगळे उभे राहा. मीही इथे उभा आहे. मिनिटभर गप्प राहू, म्हणजे देशकर सरांनाही मला उत्तर देता येणार नाही.

सर, जय भीम.

काकू, छपाईसाठी तुमच्या खात्यात आज पाठवतोय, पंधरा हजार रुपये.